कौशल्य विकत घेण्याआधी तासांचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन खेळांवर पानभर मजकूर आला आहे. त्यात ‘पात्राची कौशल्ये झटपट कशी वाढवाल’ अशी एक चौकट आहे. तिच्यात ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाचे उदाहरण घेऊन पहिलाच सल्ला दिला आहे, की स्किल इंजेक्टर, म्हणजे पात्राला आयते कौशल्य देणारी खेळातली वस्तू, विकत घ्या, एका इंजेक्टरला कौशल्याचे पाच लाख पॉइंट मिळतात आणि कित्येक महिन्यांची वाट पाहणे वाचते. हा खेळ मी २००९ सालापासून खेळतो. चौकटीतला आकडा अर्धवट आहे आणि सल्ला तर मला फारच काळजीचा वाटला, कारण आपला अंक घरोघरी जातो आणि आता शाळकरी मुलांच्या हाती आईवडिलांचा फोन आणि त्या फोनवर यूपीआय असते. म्हणून सविस्तर लिहितो. जागेअभावी पत्र कापावे लागले तर कापा, फक्त आकडे तेवढे राहू द्या.

खेळ कसा चालतो ते आधी सांगायला हवे. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीने तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. हजारो सूर्यमंडळे, त्यांत जहाजे, खाणी, कारखाने, बाजारपेठा आणि लढाया. आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर. इतर बहुतेक खेळांत राक्षस मारायचे, अनुभव गोळा करायचा, पातळी वाढवायची असा प्रकार असतो. जो जास्त तास ठाण मांडून बसेल तो पुढे. ईव्हमध्ये कौशल्य घड्याळावर वाढते. एखादे कौशल्य शिकायला लावले की मिनिटामिनिटाला पॉइंट जमा होत राहतात. तुम्ही खेळात असा, झोपलेले असा की कामावर असा, आणि संगणक बंद असला तरीही.

संगणक बंद असला तरीही, हे मी मुद्दाम लिहिले आहे. मी बार्शी तालुक्यातल्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होतो, आता निवृत्त आहे. २००९ च्या आसपास ग्रामीण भागात भारनियमन किती होते हे आपल्या वाचकांना आठवत असेल. आमच्याकडे वेळापत्रक यायचे आणि ठरलेल्या वेळी फीडरचा ब्रेकर उघडायचे काम ड्यूटीवरच्या यंत्रचालकाचे. ज्या गावठाण फीडरवर माझे स्वतःचे घर होते तोही मी कित्येकदा माझ्याच हाताने बंद केला आहे. घरी संगणक, टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड आणि दहा मिनिटे टिकणारा यूपीएस. अशा परिस्थितीत दुसरा कोणताही ऑनलाइन खेळ मला खेळता आला नसता. दिवसाचे आठ तास ड्यूटी, बाकीच्या वेळेत निम्मा वेळ अंधार. पुण्यामुंबईच्या किंवा जर्मनीच्या मुलाशी मी बरोबरी कशी करणार? इथे करता येत होती. मी लॉगशीटवर अँपिअर लिहीत असताना लंडनमधल्या सर्व्हरवर माझे पात्र शिकत होते, आणि त्याचा वेग कोणत्याही श्रीमंत देशातल्या खेळाडूइतकाच होता. शिवाय हा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो, त्यामुळे मंद कनेक्शनवाल्याचे फारसे नुकसान होत नाही. फक्त रोज भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारला देखभालीसाठी सर्व्हर थोडा वेळ बंद होतो, पण शिकणे तेव्हाही थांबत नाही.

माझ्या लेखी या खेळाची खरी थोरवी हीच होती. वेळ सगळ्यांचा सारखा धरला होता. शेतमजुराच्या मुलाचा एक तास आणि उद्योगपतीच्या मुलाचा एक तास यांत फरक नव्हता. महिन्याची वर्गणी मात्र भरावी लागे, तेव्हा ती १४.९५ डॉलर होती, पण २००८ पासून प्लेक्स नावाची सोय होती. ज्याच्याकडे डॉलर आहेत त्याने प्लेक्स विकत घेऊन खेळातल्या बाजारात विकायचे, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याने खेळातले चलन, म्हणजे इस्क, कमवून ते विकत घ्यायचे आणि त्यावर महिना काढायचा. खनिज काढून आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात माल नेऊन मी बऱ्याच महिन्यांची वर्गणी अशी भरली आहे.

आता वेग वाढवण्याबद्दल. खेळाडूंची ही धडपड नवी नाही, आणि ती वाईटही नाही. मी खेळात आलो तेव्हा ‘लर्निंग’ नावाचा कौशल्यांचा एक वर्गच होता. ती कौशल्ये शिकली की बाकीची लवकर शिकता येत. म्हणजे नव्या माणसाने आधी कित्येक आठवडे फक्त शिकायला शिकायचे, आणि तोवर त्याला जहाजातले काहीच धड चालवता येणार नाही. मीही तेच केले. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने हा वर्गच काढून टाकला, सगळ्यांच्या लर्निंगमधले पॉइंट परत दिले आणि पायाभूत वेग वाढवून दिला. हा फार चांगला निर्णय होता, कारण वेग वाढला तो सगळ्यांचा, आणि खिशात हात घालावा लागला नाही. त्याच्याही आधी, मार्च २००९ मध्ये, कौशल्यांची रांग लावायची सोय आली. तोपर्यंत एक कौशल्य पहाटे तीनला संपले तर पहाटे तीनलाच उठून दुसरे लावावे लागे, नाहीतर सकाळपर्यंतचे तास फुकट. जुने खेळाडू गजर लावून उठत असत. रांग आधी चोवीस तासांची होती, नोव्हेंबर २०१४ मध्ये तिची मर्यादा उठली. आता तुम्ही महिनोन्महिन्यांची यादी लावून ठेवू शकता. झटपट वाढीचा पहिला फुकट उपाय हाच आहे, की रांग कधी रिकामी पडू देऊ नका. आपल्या चौकटीत त्याचा उल्लेखही नाही.

दुसरी गोष्ट जरा आकडेमोडीची आहे, पण तिच्यात सगळे सार आहे. प्रत्येक पात्राचे पाच गुणधर्म असतात: इंटेलिजन्स, मेमरी, परसेप्शन, विलपॉवर आणि करिष्मा. प्रत्येक कौशल्याला यांतला एक मुख्य आणि एक दुय्यम लागतो. मिनिटाला मिळणारे पॉइंट म्हणजे मुख्य गुणधर्म अधिक दुय्यमाचा निम्मा. वर्गणी भरणाऱ्या नव्या पात्राचे गुणधर्म साधारण २०-२० असतात, म्हणजे मिनिटाला ३० पॉइंट, तासाला १,८००. आता वर्गणी न भरताही खेळता येते, पण तसे खेळणाऱ्याला याच्या निम्मे. हे गुणधर्म वर्षातून एकदा नव्याने वाटता येतात, आणि नव्या पात्राला असे दोन जादा रीमॅप मिळतात. मुख्य गुणधर्म २७ आणि दुय्यम २१ पर्यंत नेता येतो. डोक्यात बसवायचे इम्प्लांट मिळतात, ते प्रत्येक गुणधर्म १ ते ५ ने वाढवतात. दोन्ही पूर्ण वापरले तर मुख्य ३२, दुय्यम २६, म्हणजे मिनिटाला ४५ आणि तासाला २,७०० पॉइंट. म्हणजे नुसत्या नियोजनाने आणि खेळातल्या चलनाने वेग दीडपट होतो.

याचा अर्थ असा की शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. जहाजे चालवणे आणि तोफा या दोन्ही वर्गांना परसेप्शन आणि विलपॉवर लागते. विजेच्या आणि इंजिनियरिंगच्या कौशल्यांना इंटेलिजन्स आणि मेमरी. आज हे, उद्या ते असे केले तर रीमॅपचा काही उपयोग नाही. एक वर्ष एका जोडीचे, पुढचे वर्ष दुसऱ्या जोडीचे, अशी यादी बांधावी लागते. मात्र अगदी नव्या माणसाने पहिले दोन महिने रीमॅपला हात लावू नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्याला सगळ्याच वर्गांतले थोडे थोडे हवे असते आणि सम गुणधर्म त्या काळात सोयीचे पडतात.

इम्प्लांटबद्दलही एक सांगतो, कारण दुकानदार ते सांगत नाही. +४ चे इम्प्लांट बसवायला सायबरनेटिक्स हे कौशल्य चौथ्या पातळीपर्यंत लागते, +५ ला पाचव्या पातळीपर्यंत. किमतीत फार मोठा फरक असतो आणि वेगात फरक किती, तर तासाला ९० पॉइंट. आणि लढाईत तुमची कॅप्सूल, म्हणजे पायलट ज्यात बसतो ती कुपी, फुटली तर इम्प्लांट गेले. म्हणून डोक्यात महागडे इम्प्लांट असलेला खेळाडू स्थानकातून बाहेरच पडत नाही. अशी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, वर्षभर झपाट्याने शिकणारी आणि वर्षभर काहीही न करणारी. मी स्वतः लढाईला जाताना +३ वर राहतो आणि +५ चा क्लोन, म्हणजे पात्राचे दुसरे शरीर, स्थानकात ठेवतो. सुट्टीवर बाहेरगावी जायचे असेल तेव्हा त्या क्लोनमध्ये शिरतो. सणासुदीला कंपनी सेरेब्रल अ‍ॅक्सिलरेटर वाटते, ते सगळे गुणधर्म काही काळ वाढवतात. बायोलॉजी हे कौशल्य पाचव्या पातळीपर्यंत नेले तर त्यांचा कालावधी दुप्पट होतो. सगळे गुणधर्म १० ने वाढवणारा एक अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे तासाला ९०० पॉइंट जादा. हे फुकट मिळते आणि मुदत संपून वायाही जाते, म्हणून वेळेत वापरावे.

आता पातळ्या. प्रत्येक कौशल्याच्या पाच पातळ्या. सर्वांत सोप्या कौशल्याला पहिली पातळी २५० पॉइंटची, दुसरीपर्यंत एकूण १,४१५, तिसरीपर्यंत ८,०००, चौथीपर्यंत ४५,२५५ आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. अवघड कौशल्यांना हेच आकडे पटीने वाढतात. बॅटलशिप हे मोठे युद्धजहाज चालवायच्या कौशल्याला आठपट. म्हणजे तिसरीवरून चौथीवर जायला तासाला १,८०० च्या वेगाने साधारण सात दिवस, आणि चौथीवरून पाचवीवर जायला एकोणचाळीस दिवस. आणि बहुतेक कौशल्यांत प्रत्येक पातळीचा फायदा तेवढाच असतो. चौथ्या पातळीने जे पाच टक्के दिले, तेच पाच टक्के पाचवीने. म्हणून नव्या माणसाने पुढच्या कशासाठी अट म्हणून लागत नसेल तर चौथीवर थांबावे आणि दुसरे कौशल्य धरावे. सात दिवसांच्या दहा गोष्टी शिकलेला पायलट एकोणचाळीस दिवसांच्या एका गोष्टीवर अडलेल्या पायलटपेक्षा प्रत्यक्ष खेळात कितीतरी पुढे असतो. यापेक्षा मोठा वेग मी कुठल्याही विकतच्या वस्तूत पाहिलेला नाही.

आता इंजेक्टर. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी ते खेळात आले. पद्धत अशी: एक्स्ट्रॅक्टर नावाची वस्तू कंपनीकडून घ्यायची, ५५ लाखांहून अधिक पॉइंट असलेल्या पात्राच्या डोक्यातून ५ लाख पॉइंट काढायचे, त्याचा इंजेक्टर बनतो, तो बाजारात विकायचा. घेणाऱ्याला मात्र पाचच्या पाच लाख मिळत नाहीत. त्याचे एकूण पॉइंट ५० लाखांच्या आत असतील तर ५ लाख मिळतात. ५० लाख ते ५ कोटी असतील तर ४ लाख. ५ ते ८ कोटींना ३ लाख, आणि ८ कोटींच्या वर फक्त दीड लाख. म्हणजे जुन्या खेळाडूने घेतलेल्या प्रत्येक इंजेक्टरमधले साडेतीन लाख पॉइंट हवेत विरतात. पूर्ण वेगाने शिकणाऱ्या त्या जुन्या खेळाडूला दीड लाख पॉइंट आपोआप मिळायला किती वेळ लागतो? साडेपंचावन्न तास. शुक्रवारी रात्री झोपायला गेला तर सोमवारी पहाटेपर्यंत. तेवढ्यासाठी तो एका अख्ख्या इंजेक्टरची किंमत मोजतो.

आपल्या चौकटीत सरसकट पाच लाख असा आकडा आहे. तो फक्त अगदी नव्या पात्राला लागू होतो, हे तिथे लिहायला हवे होते.

नव्याचा हिशेब वेगळा आहे हे मी मान्य करतो. त्याला ५ लाख म्हणजे तासाला १,८०० च्या वेगाने साडेअकरा दिवसांचे शिक्षण. हा फायदा खरा आहे. प्रश्न तो त्या साडेअकरा दिवसांत काय करणार होता हा आहे. माझ्या भाच्याचा मुलगा अकरावीत आहे, पुण्याला असतो. दिवाळीच्या सुट्टीत बार्शीला आला तेव्हा त्याला इंजेक्टर हवे होते. त्याच्या एका मित्राने घेतले होते आणि तो थेट रेव्हन या बॅटलशिपमध्ये बसला होता. पहिल्याच आठवड्यात लो-सेकच्या, म्हणजे कमी सुरक्षेच्या भागातल्या, एका गेटवर दोन छोट्या जहाजांनी त्याला धरले आणि जहाज गेले. का गेले हे मी या मुलाला समजावून सांगितले. बॅटलशिपचे कौशल्य विकत आले, पण ढालीची, कपॅसिटरची, लक्ष्य धरण्याची, पॉवरग्रीडची कौशल्ये त्याने घेतली नव्हती, आणि छोटे जहाज जवळ आले तर मोठ्या क्षेपणास्त्रांचा उपयोग होत नाही हे त्याला माहीत नव्हते. गावात मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि पुढची तार जुनी, बारीकच ठेवली तर जे होते तेच इथे झाले. ते माहीत होण्यासाठी छोट्या फ्रिगेटमधून मरावे लागते, पुष्कळदा, स्वस्तात. ते साडेअकरा दिवस त्यासाठीच असतात.

आम्ही दोघांनी कागदावर यादी केली. आधी फ्रिगेट, मग डिस्ट्रॉयर, सोबत सगळी आधाराची कौशल्ये तिसऱ्या-चौथ्या पातळीपर्यंत. शत्रूचे जहाज पळून जाऊ नये म्हणून त्याला जागीच जखडून ठेवायचे काम असते, त्याला टॅकल म्हणतात. ते काही दिवसच शिकलेल्या पोरालाही जमते आणि शंभर जहाजांच्या ताफ्यात त्याची किंमत मोठी असते. ‘पण मामा आजोबा, जुने लोक कायम पुढेच राहणार ना?’ असे त्याने विचारले. नाही राहणार. कौशल्य पाचव्या पातळीवर संपते. एखाद्या फ्रिगेटला लागणारी पंधरा-वीस कौशल्ये ज्याने पूर्ण केली, तो त्या फ्रिगेटमध्ये वीस वर्षे खेळणाऱ्याच्या बरोबरीचा असतो. त्या माणसाची बाकीची शेकडो कौशल्ये त्या क्षणी त्याच्या कामाची नसतात. हे ऐकल्यावर तो शांतपणे यादीकडे बघू लागला. आता त्याचा फोन येतो तो लढाई कशी झाली हे सांगायला.

इंजेक्टरमुळे एकंदर खेळाचे काय झाले, याबद्दल माझे मत कडक आहे. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमंडळात एक लढाई झाली, तिच्यात ७५ टायटन नष्ट झाले. टायटन ही खेळातली सर्वांत मोठी जहाजे. त्या वेळी टायटन चालवणारा प्रत्येक पायलट म्हणजे कित्येक वर्षे शिकलेले पात्र, कुणीतरी धीराने वाढवलेले किंवा तसे वाढवलेले पात्र सगळेच्या सगळे विकत घेतलेले. म्हणून त्या बातमीने जगभर खळबळ उडाली. २०१६ नंतर हा वर्षांचा काळ पैशाने एका दुपारवर आणता येऊ लागला, आणि मोठी जहाजे दुर्मीळ राहिली नाहीत. दुसरीकडे शेकडो खाती अशी तयार झाली, की जी स्थानकातून कधीच बाहेर पडत नाहीत. पूर्ण वेगाने शिकायचे, साधारण पावणेआठ दिवसांत पाच लाख झाले की काढून विकायचे, पुन्हा शिकायचे. तीस दिवसांत जवळजवळ चार इंजेक्टर. खेळाडू त्याला स्किल फार्म म्हणतात. त्या पात्राला नाव आहे, चेहरा आहे, पण ते काहीच खेळत नाही. मला हे पाहून वाईट वाटते. सुरुवातीला निदान एवढे समाधान होते, की इंजेक्टरमधला प्रत्येक पॉइंट कुणीतरी घड्याळावर शिकलेला आहे. पुढे लॉगिनची बक्षिसे आणि नवख्यांसाठीची पॅकेजेस यांतून कुणीच न शिकलेले पॉइंटही येऊ लागले.

कंपनीला पैसे लागतात हे मला कळते. दोन दशकांहून जास्त काळ एक जग चालू ठेवणे सोपे नाही. मे २०२२ मध्ये वर्गणी १४.९५ वरून १९.९९ डॉलर झाली, तेव्हाही मी तक्रार केली नाही. वर्गणी सगळ्यांना सारखी असते. वर्गणी वाढवा, जहाजांचे रंग विका, कपडे विका. विकायला दुसरे काही नसल्यासारखा वेळच विकायला काढावा, याला माझा विरोध आहे, कारण भारनियमनातल्या माणसाला या खेळाने जी बरोबरी दिली होती ती या एका वस्तूने काढून घेतली.

आता आपल्याकडच्या कायद्याविषयी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली, आणि ई-स्पोर्ट्स व ऑनलाइन सामाजिक खेळ वेगळे ठेवले. ते योग्यच झाले. रमीच्या आणि तशा अ‍ॅप्सनी आमच्या भागातली घरे कर्जात बुडालेली मी पाहिली आहेत. ईव्हसारखा खेळ त्या बंदीत बसत नाही आणि बसूही नये; इथे लावलेला पैसा परत पैसा म्हणून मिळत नाही, खेळातले चलन खऱ्या पैशाला विकणे कंपनीच्याच नियमांनी बंद आहे. परंतु त्यामुळे आता पालकांची अशी समजूत झाली आहे, की जुगार गेला म्हणजे बाकी सगळे निर्धोक. कौशल्य विकत घेण्याच्या या व्यवहाराकडे कुणाचे लक्ष नाही. आणि हा व्यवहार एकट्या ईव्हमध्ये चालतो असे नाही. वाट पाहायला लावायची आणि मग ती वाट विकायची, हे आज फोनवरच्या असंख्य खेळांत चालते.

या व्यवहाराची मांडणीच अशी असते, की किंमत कळू नये. रुपयांचे डॉलर होतात, डॉलरचे प्लेक्स, प्लेक्सचे इस्क आणि इस्कचा इंजेक्टर. चौथ्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत आपण नेमके किती रुपये दिले, हे मोठ्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. भाच्याच्या मुलाला मी हाच हिशेब करायला लावला. अर्धा तास लागला. शेवटी आलेला रुपयांचा आकडा त्याने आपल्या क्लासच्या फीशी ताडून पाहिला आणि तो स्वतःच गप्प झाला.

म्हणून माझी सरकारकडे मागणी आहे, आणि आपण ती संपादकीयात उचलून धरावी अशी विनंती आहे. या कायद्याखालचे नियम करताना एवढे सक्तीचे करावे: खेळातली जी वस्तू वेळ वाचवते म्हणून विकली जाते, तिच्या शेजारी ती रुपयांत किती पडते ते लिहिलेले असावे, आणि त्या खेळाडूच्या त्या दिवशीच्या वेगाने ती नेमके किती तास वाचवते तेही लिहिलेले असावे. हा हिशेब सर्व्हरकडे तयारच असतो. कौशल्य कधी संपेल हे तो सेकंदापर्यंत दाखवतोच. अठरा वर्षांखालच्या खात्यावर पालकाच्या संमतीशिवाय अशी खरेदी होऊ नये. बंदी मी मागत नाही. ‘साडेपंचावन्न तास वाचतील, इतके रुपये पडतील’ असे समोर लिहिलेले असले, तर माझी खात्री आहे, बहुतेक मुले दुकानाचे पान बंद करतील.

आपल्या पुरवणीलाही एक सुचवतो. अशा खेळांवर लिहिताना त्या खेळात खरोखर वेळ घातलेल्या माणसाकडून लिहून घ्या. महाराष्ट्रातल्या लहान गावांत अशी माणसे आहेत. रांग भरलेली ठेवणे, वर्षाची यादी करून रीमॅप वापरणे, परवडतील तेवढेच इम्प्लांट बसवणे, चौथ्या पातळीवर थांबणे, यांतल्या एकालाही खरा पैसा लागत नाही, आणि हे सगळे एका चौकटीत सहज मावते. हवे असेल तर मी लिहून देईन, मानधन नको.

निदान पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापावी: स्किल इंजेक्टरमधून ५ लाख पॉइंट मिळतात ते एकूण ५० लाखांच्या आतल्या पात्राला, ५ कोटींपर्यंत ४ लाख, ८ कोटींपर्यंत ३ लाख आणि त्यापुढे दीड लाख.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त यंत्रचालक,
बार्शी, जि. सोलापूर